दाराने किंवा खिडकीने

२१ जानेवारी २०२५ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने एका टेलिफोन कंपनीच्या माजी बड्या अधिकाऱ्यांचे अपील फेटाळून लावले. भारतात या बातमीची फारशी चर्चा झाल्याचे माझ्या तरी कानावर आले नाही. पण महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा तो निकाल आहे. एखाद्या साहेबाने एखाद्या कारकुनाला छळले तर तो छळ, एवढे आपल्याला पूर्वीपासून कळते. न्यायालय त्याच्या पुढे गेले. कंपनीने वरच्या मजल्यावर बसून आखलेले धोरणच जर खालच्या माणसांचे काम असह्य करण्यासाठी वापरले जात असेल, तर ते धोरण म्हणजेच छळ आणि ते आखणारे गुन्हेगार, असे न्यायालयाने म्हटले. मग त्यांनी त्या खालच्या माणसाचे तोंडही कधी पाहिलेले नसले तरी चालेल.

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि टेलिकॉममध्येच नोकरी करतो, त्यामुळे हा खटला मी धंद्यातल्या माणसाच्या कुतूहलाने वाचत आलो. पण तो फक्त टेलिकॉमवाल्यांचा विषय नाही.

आपल्याकडे नोकरीतल्या त्रासाबद्दल बोलायची वाक्ये ठरलेली आहेत. 'दुर्लक्ष कर.' 'मन घट्ट कर.' 'बाकीचे नाही का सहन करत?' 'हापिसातले हापिसात ठेवून यावे.' ही सगळी वाक्ये मायेनेच म्हटलेली असतात. पण त्या सगळ्यांत एक गृहीतक लपलेले असते: जे काही बिघडले आहे ते त्रास होणाऱ्याच्या मनात बिघडले आहे. फ्रान्समधल्या या प्रकरणाचा इतिहास म्हणजे हे गृहीतक कसे मोडत गेले त्याचा इतिहास आहे.

टेलिफोन खात्यातली माणसे

१९७० च्या सुमारास फ्रान्समध्ये टेलिफोन मिळवणे ही आपल्या इतकीच कटकट होती. अर्धा फ्रान्स फोन मिळण्याची वाट पाहतो आणि उरलेला अर्धा डायल टोनची, असा विनोद तिथे प्रसिद्ध होता. मग सरकारने मनावर घेतले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत चित्र पार पालटले. १९८२ मध्ये तर मिनिटेल आले. टेलिफोनच्या तारेला जोडलेला छोटा पडदा आणि कीबोर्ड, एवढाच तो प्रकार. पण आपण 'इंटरनेट' हा शब्द ऐकण्याच्या कितीतरी आधी फ्रेंच माणूस घरबसल्या रेल्वेचे आरक्षण करत होता आणि टेलिफोन डिरेक्टरी पाहत होता.

हे सगळे उभे केले ते टपाल, तार व टेलिफोन खात्यातल्या सरकारी नोकरांनी. स्पर्धा परीक्षा देऊन खात्यात लागायचे आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहायचे. आपल्याकडच्या जुन्या टेलिफोन खात्यातले लाइनमन आणि ज्युनियर इंजिनियर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही जात लगेच ओळखू येईल. पगार फार नाही, पण आपल्या भागातली प्रत्येक केबल कुठून कशी गेली आहे ते तोंडपाठ. डिसेंबर १९९९ च्या अखेरीस फ्रान्सवर लागोपाठ दोन प्रचंड वादळे आली, झाडे, खांब, तारा सगळे झोपले. ते जाळे पुन्हा उभे करायला हीच माणसे थंडीत बाहेर पडली होती.

दरम्यान खाते बदलत होते. 'फ्रान्स टेलिकॉम' हे नाव १९८८ मध्ये आले. १९९६ च्या कायद्याने खात्याची कंपनी झाली आणि १९९७ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. कर्मचाऱ्यांना मात्र शब्द दिला गेला की तुम्ही सरकारी नोकर होतात, सरकारी नोकरच राहाल.

मग २००० साली, मोबाइल कंपन्यांचे भाव गगनाला भिडलेले असताना, फ्रान्स टेलिकॉमने इंग्लंडमधली ऑरेंज ही कंपनी सुमारे ४० अब्ज युरोंना विकत घेतली. लगेच टेलिकॉमचा फुगा फुटला. २००२ च्या अखेरीस कंपनीच्या डोक्यावर ७० अब्ज युरोंच्या आसपास कर्ज होते. त्या काळात जगातल्या सर्वांत कर्जबाजारी कंपन्यांमध्ये तिची गणना होत असे. २००४ मध्ये सरकारचा वाटा निम्म्याच्या खाली आला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कंपनीला बदलणे भाग होते. तारेच्या फोनचा धंदा आटत होता, स्पर्धक आले होते, इंटरनेटवरून फोन होऊ लागले होते. ज्या कामासाठी ही माणसे शिकली होती त्यातले बरेच काम खरोखरच उरले नव्हते. प्रश्न बदल करायचा की नाही हा नव्हताच. कसा करायचा, हा होता.

बावीस हजार

२००५ मध्ये दिदिए लोंबार कंपनीचे प्रमुख झाले. हे गृहस्थ स्वतः इंजिनियर, फ्रान्सच्या अत्यंत मानाच्या एकोल पॉलितेक्निकमधून शिकलेले. त्यांनी २००६ ते २००८ या तीन वर्षांसाठी एक योजना आणली. तिच्यात तीन आकडे होते: २२ हजार माणसे कमी करायची, १० हजार माणसांची कामे बदलायची आणि ६ हजार नवी माणसे घ्यायची. फ्रान्समधल्या एकूण कर्मचाऱ्यांची संख्या तेव्हा एक लाखाच्या वर होती.

अडचण एकच होती. बहुतेक कर्मचारी सरकारी नोकरीच्या संरक्षणाखाली असल्यामुळे त्यांना काढून टाकता येत नव्हते. म्हणजे २२ हजार माणसांनी आपणहून जायला हवे होते. आणि आपणहून जाणाऱ्यांची संख्या आधीच ठरवलेली होती! स्वेच्छेचा असा कोटा ठरवता येत नाही हे शाळकरी पोरालाही कळेल. पण कोटा ठरला, आणि तो वरून खाली प्रत्येक विभागाला वाटून दिला गेला.

२० ऑक्टोबर २००६ रोजी पॅरिसमध्ये कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची सभा झाली. तिथे लोंबार यांनी सांगितले की पुढच्या वर्षी ही माणसे मी या ना त्या मार्गाने घालवीनच, खिडकीतून किंवा दारातून. सभेचे टिपण राहिले आणि तेरा वर्षांनी ते न्यायालयात वाचले गेले. बोलताना त्यांच्या मनात बहुधा वाक्प्रचारापलीकडे काही नसेल. पण पुढे जे घडले त्यानंतर ते वाक्य कोणालाच वाक्प्रचार म्हणून ऐकता येईना.

प्रत्यक्षात काय केले गेले? मारहाण नाही, शिवीगाळही क्वचितच. वीस वर्षे खांबावर चढलेल्या तंत्रज्ञाला कॉल सेंटरमध्ये बसवून हातात छापील संवाद द्यायचा, की ग्राहकाशी यातलेच बोला. घरापासून लांबच्या गावी बदली करायची, तिथे माणूस स्थिरावला की ते कार्यालयच बंद करायचे. हुद्दा ठेवायचा पण काम काढून घ्यायचे. तुमची जागा रद्द झाली आहे, आता कंपनीतच दुसरी शोधा, असे सांगायचे. बाहेर सरकारी खात्यात नाहीतर दुसऱ्या कुठल्या धंद्यात जागा आहे, तिकडे बघा, असे मेल पाठवत राहायचे. आणि किती माणसे गेली यावर मधल्या साहेबांच्या बोनसचा काही भाग ठरवायचा.

या मधल्या साहेबांसाठी प्रशिक्षणवर्ग काढले गेले. सुमारे चार हजार व्यवस्थापक त्यातून गेले. तिथे शिकवायला वापरलेली एक आकृती मला फार बोलकी वाटते. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ मध्ये मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांच्या मनःस्थितीचे टप्पे मांडले होते: नकार, राग, घासाघीस, निराशा आणि शेवटी स्वीकार. तोच आलेख या वर्गांत दाखवला जाई. जागा रद्द झाल्याचे कळलेला कर्मचारी आधी मानणार नाही, मग चिडेल, मग खचेल आणि अखेर मान्य करून निघून जाईल. म्हणजे माणसाचे खचणे हा नियोजनातलाच एक टप्पा झाला. आगगाडीच्या वेळापत्रकात मधले स्टेशन असावे तसा.

हा आलेख मी स्वतः पाहिलेला आहे. इथल्या माझ्या एका जुन्या कंपनीत पुनर्रचनेच्या बैठकीत तो भिंतीवर झळकला होता आणि सल्लागार बाई हसतमुखाने सांगत होत्या की तुम्ही सध्या 'राग' या टप्प्यावर आहात. आमची तक्रार अगदी साधी होती: कोणाची जागा ठेवायची आणि कोणाची नाही ते कोणत्या निकषावर ठरले, एवढेच सांगा. त्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. पण आमच्या रागाचे निदान मात्र झाले. अन्यायाच्या तक्रारीला मनाची अवस्था म्हटले की उत्तर द्यायची जबाबदारी संपते, हे मला त्या दिवशी कळले.

लंडनमधल्या एका रस्त्याची साक्ष

आता इंजिनियरी शंका अशी येते की हे सगळे खरे असले तरी अन्यायाने माणूस आजारी पडतो, हे सिद्ध कसे करायचे? दुःख होते, मान्य. पण आजार?

याचे सर्वांत चांगले उत्तर फ्रान्समध्ये नाही, लंडनमध्ये मिळाले. ट्रॅफल्गार चौकातून पार्लमेंटकडे जाणारा रस्ता म्हणजे व्हाइटहॉल. दोन्ही बाजूंना सरकारी खाती. आपण 'मंत्रालय' म्हटल्यावर जे समजतो ते इथे 'व्हाइटहॉल' म्हटल्यावर समजतात. १९६७ पासून तिथल्या सरकारी नोकरीतल्या, चाळिशीच्या पुढच्या सुमारे १८ हजार पुरुषांच्या प्रकृतीची पाहणी सुरू झाली.

त्या काळी सर्वमान्य समजूत अशी होती की हृदयविकाराचा झटका हा साहेबांचा आजार. जबाबदारी मोठी, ताण मोठा, म्हणून झटका. १९७८ मध्ये मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी आकडे मांडले तेव्हा चित्र नेमके उलटे निघाले. सर्वांत खालच्या पायरीवरच्या, म्हणजे शिपाई-दरवान वर्गातल्या पुरुषांचे हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे साडेतीनपट होते. बरे, यांतला कोणीही उपाशी नव्हता, कोणी खाणीत नव्हता, डॉक्टर सर्वांना फुकट. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळे हिशेबात धरूनही फरकाचा मोठा भाग शिल्लकच राहत होता.

म्हणून १९८५ मध्ये दुसरी पाहणी सुरू झाली. या वेळी स्त्रियाही होत्या, एकूण १०,३०८ माणसे. आणि या वेळी रक्तदाबाबरोबर कामाचे प्रश्नही विचारले गेले: कामाचा निर्णय तुमच्या हातात किती, साहेब ऐकून घेतो का, अडचणीत मदत मिळते का. त्याच माणसांना वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा गाठून तपासले. त्यातून दिसले की कामावर स्वतःचा ताबा नसणे, पाठीशी कोणी नसणे आणि कष्टाच्या मानाने मोबदला व मान न मिळणे या गोष्टी पुढच्या काळातल्या मानसिक आजाराची शक्यता वाढवतात. कष्ट आणि मोबदला यांच्या असमतोलाची ही कल्पना योहानेस सीगरिस्ट या समाजशास्त्रज्ञाची. त्यांच्या मोबदल्यात पगाराबरोबर मान आणि नोकरीची शाश्वतीही येते, हे महत्त्वाचे.

पाहणी चालू असतानाच इतिहासाने एक प्रयोग आयता हातात दिला. सरकारी इमारतींची व्यवस्था पाहणारे एक खाते खासगीकरणाच्या यादीत आले. त्या खात्यातल्या माणसांची प्रकृती आधी कशी होती याची नोंद संशोधकांकडे होतीच. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दिसले की बाकीच्या खात्यांच्या तुलनेत इथल्या पुरुषांची प्रकृती बिघडू लागली होती, आणि तीही नोकरी जाण्याच्या आधी, आता आपले काय होणार या टांगणीच्या काळात. पगार चालू होता, टेबल तेच होते, आणि तरी तब्येत ढासळत होती.

२००७ मध्ये त्याच पाहणीतून आणखी एक निबंध आला. त्यातला प्रश्न साधा होता: मला अन्यायाने वागवले जाते असे मला अनेकदा वाटते, हे विधान तुम्हाला कितपत पटते? आठ हजारांहून अधिक माणसांची उत्तरे आणि त्यानंतरची सुमारे अकरा वर्षांची प्रकृती ताडून पाहिली. ज्यांना ते विधान जोरात पटले होते त्यांच्यात हृदयविकाराचा धोका, हुद्दा आणि इतर कारणे वजा करूनही, सुमारे दीडपट निघाला. त्यांचे मानसिक आरोग्यही पुढे अधिक बिघडलेले आढळले.

लक्षात घ्या, अकरा वर्षांनंतरच्या हृदयावर परिणाम करणारी ही गोष्ट 'जास्त काम' नव्हती. जास्त काम वरच्या साहेबांनाही होते.

नाव आणि कायदा

मोजमाप लंडनमध्ये चालू असताना या प्रकाराला नाव देण्याचे काम स्वीडनमध्ये चालले होते. हाइन्झ लेमान हा मूळचा जर्मन मानसशास्त्रज्ञ तिथे स्थायिक झाला होता. रुग्णांच्या हकिकती ऐकता ऐकता त्याच्या लक्षात आले की वेगवेगळ्या धंद्यांतली माणसे जवळजवळ एकच गोष्ट सांगत आहेत: मला कामातून बाजूला काढले, माझ्याशी बोलणे थांबवले, माझ्याविषयी कुजबुज सुरू झाली, मला निरर्थक काम दिले. त्याने अशा ४५ कृतींची यादी केली आणि निकष ठरवला की आठवड्यातून एकदा तरी आणि निदान सहा महिने असे चालले असेल तर त्याला 'मॉबिंग' म्हणायचे. पक्ष्यांचा थवा एकट्यावर तुटून पडतो, त्यासाठी आधी वापरला गेलेला हा शब्द. नोकरीच्या जागच्या या छळाविरुद्ध स्वीडनने १९९३ मध्ये नियम केले, जगात प्रथमच.

फ्रान्समध्ये हा विषय घरोघरी पोचवला मारी-फ्रान्स इरिगोयेन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी. मानसिक छळावरचे त्यांचे पुस्तक १९९८ मध्ये आले आणि तुफान खपले. हजारो माणसांना वाटले की अरे, हे तर माझ्याविषयी लिहिले आहे. त्या चर्चेतून १७ जानेवारी २००२ चा कायदा आला आणि नोकरीतला मानसिक छळ हा फ्रान्समध्ये फौजदारी गुन्हा ठरला. शिक्षा तेव्हा एक वर्षापर्यंत कैद आणि १५ हजार युरोंपर्यंत दंड अशी होती.

या कायद्याच्या शब्दांत एक मेख होती. ज्या वारंवार कृतींचा हेतू किंवा परिणाम कामाची परिस्थिती अशी खालावणे हा असेल, की ज्यामुळे माणसाचे हक्क, प्रतिष्ठा, आरोग्य किंवा भवितव्य यांना बाधा येऊ शकेल, त्या कृती म्हणजे छळ. 'येऊ शकेल' म्हटले आहे. आलीच पाहिजे असे नाही. हा कायदा टेलिफोन कंपनीवर लागू होईल, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसेल.

२००७ ते २००९

कंपनीत काहीतरी भयंकर चालले आहे हे सर्वांत आधी ओळखले ते कामगार संघटनांनी आणि कंपनीच्या डॉक्टरांनी. जून २००७ मध्ये दोन संघटनांनी मिळून ताण आणि सक्तीच्या बदल्या यांची नोंद ठेवणारे एक निरीक्षण केंद्रच काढले. माणसांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, हकिकती जमवल्या, तारखा लिहून ठेवल्या. डॉक्टरांनी इशारे दिले, काहींनी राजीनामेही दिले. वरून उत्तर आले नाही.

संघटनांच्या मोजणीनुसार २००८ आणि २००९ या दोन वर्षांत ३५ कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. जुलै २००९ मध्ये मार्सेयमधल्या एका कर्मचाऱ्याने मागे ठेवलेल्या पत्रात याचे एकमेव कारण आपले काम आहे असे स्वच्छ लिहिले होते, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष तिकडे गेले. सप्टेंबरमध्ये लोंबार पत्रकारांसमोर आले आणि आत्महत्यांची ही 'फॅशन' थांबली पाहिजे असे बोलून गेले. हलकल्लोळ झाल्यावर त्यांनी माफी मागितली आणि आपल्याला इंग्रजीतला 'मूड' हा शब्द म्हणायचा होता, असा खुलासा केला.

एक आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो टाळून चालणार नाही. एका संख्याशास्त्रज्ञाने दाखवले की लाखभर माणसांच्या कंपनीत एवढ्या आत्महत्या हे प्रमाण त्या वयाच्या सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा जास्त नाही. गणित म्हणून हा मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे. आत्महत्येला एकच कारण क्वचित असते, हेही खरे. पण प्रश्न फक्त मृत्यूंचा नव्हता. त्या शरद ऋतूत कंपनीने बाहेरच्या संस्थेकडून सर्व कर्मचाऱ्यांची पाहणी करवली, तेव्हा सुमारे ८० हजार माणसांनी लांबलचक प्रश्नावली भरून दिली. पूर्वी या कंपनीचा अभिमान होता असे बहुतेकांनी लिहिले. आजही तो आहे म्हणणारे बरेच कमी होते. फेब्रुवारी २०१० मध्ये श्रम निरीक्षक सिल्व्ही काताला यांनी आपला अहवाल सरकारी वकिलाकडे पाठवला. त्यात बोट थेट धोरणावर ठेवले होते. मार्च २०१० मध्ये लोंबार यांच्या जागी नवा प्रमुख आला. सक्तीच्या बदल्या थांबल्या. २०१३ मध्ये कंपनीने आपले नावही बदलून ऑरेंज करून टाकले.

खटला

खटला उभा राहायला मात्र २०१९ चा मे महिना उजाडला. आरोपी म्हणून कंपनी आणि सात अधिकारी. न्यायालयापुढे ३९ माणसांची प्रकरणे होती: १९ आत्महत्या, १२ प्रयत्न आणि ८ जण नैराश्याने किंवा आजारपणाने कामावरून दूर झालेले.

बचावाचा मुद्दा वरवर पाहता बिनतोड होता. आम्ही या माणसांना ओळखतही नाही, मग आम्ही त्यांचा छळ कसा केला? शिवाय कंपनी वाचवणे हे आमचे कामच होते आणि जाणारे स्वेच्छेने जाणार होते.

२० डिसेंबर २०१९ च्या निकालात न्यायालयाने याला उत्तर दिले. कोण कशामुळे मेला हे ठरवायला आपण बसलेलो नाही. आपण तपासतो आहोत ते धोरण. माणसे कमी करणे हा गुन्हा नाही, पण २२ हजारांचा आकडा गाठण्यासाठी निवडलेली साधने निषिद्ध होती. आणि स्वेच्छा ही नुसती दारावर लावलेली पाटी होती. लोंबार आणि त्यांचे दोन सहकारी, लुई-पिएर वेनेस व ऑलिव्हिए बार्बरो, यांना प्रत्येकी एक वर्ष कैद, त्यातले आठ महिने स्थगित, आणि १५ हजार युरो दंड झाला. कंपनीला ७५ हजार युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने साठ लाख रुपयांच्या आसपास. कायद्याने तेवढीच कमाल मर्यादा होती. चाळीस अब्जांना दुसरी कंपनी विकत घेणाऱ्यांना हा दंड म्हणजे चहापाण्याचा खर्च. कंपनीने अपील केले नाही. लोंबार यांनी केले. २०२२ मध्ये दोष कायम राहिला, पण कैद पूर्ण स्थगित झाली. आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'संस्थात्मक मानसिक छळ' ही कल्पना कायद्यात पक्की केली.

तुरुंगात कोणी गेले नाही. मग मिळवले काय? दहा वर्षे ज्या बायकामुलांना सांगितले जात होते की तुमचा माणूस मुळातच हळवा होता, त्यांना देशाच्या न्यायालयाने लेखी सांगितले की दोष कामाच्या रचनेत होता. मला वाटते हे थोडे नाही.

आपल्याकडे

योगायोग असा की पॅरिसमधल्या निकालाच्या सतराच दिवस आधी, ३ डिसेंबर २०१९ ला, भारतात बीएसएनएल आणि मुंबई-दिल्लीच्या एमटीएनएलच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेची मुदत संपली. सुमारे ७८ हजार आणि १४ हजारांवर माणसांनी अर्ज भरले आणि जानेवारी २०२० अखेर ती घरी गेली. दोन्ही गोष्टी एक नाहीत हे आधीच सांगतो. इथे रीतसर योजना होती, पैसे होते, अर्ज करणे न करणे हातात होते. पण त्याआधीचे पगार लांबण्याचे महिने, रिकामी होत गेलेली एक्स्चेंजेस आणि आपल्या कसबाला आता किंमत उरली नाही ही जाणीव मुंबईच्या कित्येक घरांनी पाहिली आहे. व्हाइटहॉलच्या आकड्यांतला तो टांगणीचा काळ हाच. त्या काळात माणसाच्या मनाचे काय झाले, हे त्यांना कोणी विचारले का?

आपल्याकडे २०१३ चा कायदा आहे तो स्त्रियांच्या लैंगिक छळापुरता. नोकरीतल्या सर्वसाधारण मानसिक छळासाठी फ्रान्ससारखे वेगळे फौजदारी कलम नाही. कायदा येईल तेव्हा येईल. पण फ्रान्समध्येही सुरुवात कायद्याने झाली नव्हती. स्वीडनमधल्या एका मानसशास्त्रज्ञाने लोकांचे ऐकून घेतले, लंडनमध्ये काही डॉक्टरांनी विचारले की तुम्हाला अन्यायाने वागवले जाते का, आणि फ्रान्समधल्या दोन संघटनांनी तारखेनिशी नोंदी ठेवल्या. लिहून ठेवलेल्या त्या कागदांवरच पुढे खटला उभा राहिला.

घरातला माणूस कामावरून येऊन गप्प बसू लागला, त्याची झोप उडाली, आवडीच्या गोष्टी सुटल्या, तर त्याला डॉक्टरकडे न्यावेच. भारतात २०२२ पासून टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर, तिथे मराठीतही बोलता येते. औषधाची गरज असेल तर औषधही घ्यावे. पण त्याला 'तुला काय झालंय' असे विचारण्याबरोबर 'तिथे तुझ्याशी काय केलं' हेही विचारावे, आणि तो सांगेल ते तारखेसकट एका वहीत लिहून ठेवावे.